मारामारीतली कारागिरी

‘डोकं बाजूला ठेवून बघ, मजा येईल.’ परभाषेतला एखादा विनोदी मारधाडपट कसा आहे असं विचारलं की बहुतेकांकडून हेच उत्तर मिळतं. समीक्षणाच्या शेवटी तेच असतं आणि पोटभर हसून बाहेर पडलेला प्रेक्षकही जरा ओशाळून तेच म्हणतो. हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. हसवत हसवत मारामारी करणारा सिनेमा जितकं लक्ष मागतो तितकं फार थोडे सिनेमे मागतात. त्यातली भाषा कळत नसेल तर आणखीच जास्त. अशा सिनेमाची कदर कुणी करावी, तर ज्याचं काम हातांचं आणि नजरेचं आहे त्यानं. म्हणून आजचा हा स्तंभ अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या माणसांसाठी.

सोलापूरच्या पूर्वेला अक्कलकोटच्या रस्त्यावर वसलेली ही वसाहत म्हणजे प्रामुख्यानं टॉवेल आणि चादर. जुन्या धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की आधी बोलणं बंद होतं. एकेका मागावर धोटा मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो. असे माग ओळीनं चालू असले की आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो आणि शेजारी उभ्या माणसाचा शब्दही ऐकू येत नाही. मग जॉबरला, म्हणजे माग नीट चालतो का बघणाऱ्या मिस्त्रीला, हात वर करून बोलवायचं, कांडी संपल्याचं बोटांनी सांगायचं, चहा आल्याची खूण ओठांशी अंगठा नेऊन करायची. शेडच्या बाहेर तेलुगू, कन्नड, दखनी आणि मराठी अशा चारही भाषा खेळत असतात. आत मात्र सगळे एकाच खुणांच्या बोलीवर येतात. टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. एक कापडाचा पाया धरतो, दुसऱ्याच्या सैल सोडलेल्या धाग्यातून फंदे उठतात. एवढ्या धाग्यांतला एक तुटला, तर चालत्या मागावर तो दिसला पाहिजे. ज्याची रोजी या नजरेवर चालते, त्याला डोकं बाजूला ठेवून काहीही बघण्याची सवय कशी असेल?

या भागात परभाषेतला सिनेमा नवा नाही. पद्मशाली समाजाच्या पिढ्या तेलंगणातून इथे आल्या, त्यांच्याबरोबर तेलुगू आली आणि मागोमाग तेलुगू सिनेमाही आला. घरात तेलुगू बोलणाऱ्याला तो आपला असतो. त्याच्या शेजारच्या मागावरच्या मराठी किंवा कन्नड गड्याला तो परका असतो, पण दोघे जोडीनं बघतात. मला यातल्या दुसऱ्या माणसाबद्दल फार कुतूहल आहे. त्याला निम्मे संवाद कळत नाहीत, तरी तो योग्य जागी हसतो. कित्येकदा मित्राच्या आधी हसतो, कारण मित्र संवाद ऐकत असतो आणि हा माणसांच्या हालचाली बघत असतो.

याचा उत्तम नमुना म्हणजे एस. एस. राजामौली यांचा 2010 साली आलेला ‘मर्यादा रामन्ना’. ‘बाहुबली’ आणि ‘आरआरआर’मुळे राजामौली आता जगाला माहीत झाले, पण मला त्यांचा हा लहानसा चित्रपट अधिक प्रिय आहे. नायक सुनील. तेलुगू पडद्यावर विनोदी भूमिकांसाठी ओळखला जाणारा, रुबाबदार नायकाच्या साच्यात न बसणारा नट. त्याचा रामू जुन्या सायकलवरून माल पोचवून पोट भरतो आणि त्या सायकलला रवी तेजाचा आवाज आहे. वडिलोपार्जित जमीन विकायला तो रायलसीमेतल्या गावी जातो. ज्या घरात पाहुणा म्हणून उतरतो, ते घर त्याच्या वडिलांच्या काळापासून त्याच्या रक्तासाठी तहानलेलं आहे. फक्त एक अट आहे: घराच्या उंबऱ्याच्या आत रक्त सांडायचं नाही. पाहुणा आत आहे तोवर त्याला पंगतीला बसवून वाढायचं, बाहेर पडला की कापायचा.

हे कळल्यावर रामू घर सोडायला तयारच होत नाही. साऱ्या विनोदाचं इंजिन या एका उंबऱ्यात आहे. तो सबबी काढत राहतो, घरातली माणसं अगत्य करत राहतात आणि त्या अगत्यामागे शस्त्रं तयार असतात. हे समजायला तेलुगू यावी लागत नाही. उंबरा कुठे आहे, रामूचा पाय कुठे आहे आणि समोरच्याचा हात कशाकडे चालला आहे एवढं दिसलं की पुरतं. चौकटीत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतील अशी मांडणी करणं हे दिग्दर्शकाचं काम, आणि राजामौली यांनी ते फार काटेकोरपणे केलं आहे.

ही गोष्ट मुळात रायलसीमेची नाही. बस्टर कीटनच्या 1923 सालच्या ‘अवर हॉस्पिटॅलिटी’ या अमेरिकन मूकपटावर ती बेतली आहे. तिथे 1830च्या सुमाराचा अमेरिकी डोंगराळ मुलूख आहे, दोन घराण्यांचं पिढीजात वैर आहे आणि पाहुण्याला घरात मारायचं नाही हा दक्षिणेकडचा रिवाज आहे. नायक न्यूयॉर्कहून रेल्वेनं येतो. कीटननं या प्रवासासाठी स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ची प्रतिकृती बनवून घेतली. हे बुटकं इंजिन आणि त्यामागे घोडागाडीसारखे डबे वाटेत पडलेल्या लाकडावरूनसुद्धा रुळांसकट वर चढून खाली उतरतात. गाडीतल्या माणसांच्या टोप्या छताला लागतात. एकही शब्द नाही. पाहताना माणूस आधी चकित होतो, मग हसतो, आणि हा रूळ असा वाकवला कुणी, असा प्रश्न पडून पुन्हा मागे नेऊन बघतो. कारखान्यात वाढलेल्या माणसाला तो तिसरा टप्पा सगळ्यात जवळचा.

चित्रपटाच्या उत्तरार्धात नायक नदीच्या वेगवान प्रवाहात सापडतो. हे चित्रण कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेजवळच्या ट्रकी नदीत चाललं होतं. कीटनला धरून ठेवणारी तार तुटली आणि तो खरोखर वाहत गेला. कॅमेरा चालू होता. ते चित्रण त्यानं चित्रपटात ठेवलं. धबधब्यावरून झोका घेऊन नायिकेला पकडण्याचं दृश्य स्टुडिओत उभारलेल्या धबधब्यावर झालं. तिथे उलटं लटकल्यामुळे नाकातोंडात इतकं पाणी गेलं की त्याला उपचार घ्यावे लागले. लहानपणी आईवडिलांच्या रंगमंचीय खेळात हा मुलगा इकडून तिकडे फेकला जायचा. पडायचं कसं हे तो तिथे शिकला. चेहऱ्यावरची रेषही न हलवता पडायचं, हेही तिथलंच शिक्षण.

1923 ते 2010 हा प्रवास मला फार मोठा वाटतो. अमेरिकी मूकपट तेलुगू झाला, मग तेलुगूतून कन्नड, तमिळ, बंगाली, मल्याळम असा फिरला. हिंदीत तो 2012 साली ‘सन ऑफ सरदार’ झाला. हिंदी अवतार मला आवडत नाही. त्यात आवाज फार आहे. माणसं तारांवर टांगून उडवली जातात आणि उंबऱ्यावरची ती जीवघेणी शांतता हरवते. त्याचा नायक अजय देवगण हा वीरू देवगण यांच्यासारख्या जाणत्या साहसदृश्य दिग्दर्शकाचा मुलगा. त्याच्या चित्रपटात शरीरापेक्षा तारा जास्त काम करताना दिसाव्यात, याचं मला वाईट वाटतं.

कीटनचा वारसा ज्यानं सगळ्यात प्रामाणिकपणे पुढे नेला तो हाँगकाँगचा जॅकी चॅन. आपल्याकडे तो केबलच्या काळात हिंदी बोलत घराघरांत आला आणि मुलांचा हिरो झाला, म्हणून त्याला ‘मुलांचा’ ठरवून आपण मोकळे झालो. तो 1954 सालचा. सात वर्षांचा असताना त्याला पेकिंग ऑपेराच्या निवासी शाळेत ठेवलं. यू जिम-युएन हे गुरू, दहा वर्षांचा करार. गाणं, मुद्राभिनय, कोलांट्या, शस्त्रं आणि मारसुद्धा, सगळं तिथेच. पुढे हाँगकाँगचा सिनेमा घडवणारे सॅमो हंग आणि युएन बियाओ हेही याच शाळेतले. म्हणजे तो आधी रंगमंचाचा कारागीर झाला, मग नट झाला.

त्याची मारामारी बघताना एक गोष्ट हटकून बघावी: हातात काय आहे? शस्त्र क्वचितच असतं. खुर्ची असते, बाक असतो, सायकल असते. ‘फर्स्ट स्ट्राइक’मध्ये तो एका शिडीनं मारामारी करतो. शिडी ढाल होते, भाला होते, पिंजरा होते, आणि दोन पायऱ्यांच्या मधून तो असा निसटतो की वस्तू नव्यानं दिसू लागते. 1989 सालच्या ‘मिरॅकल्स’मधली शेवटची मारामारी दोरखंडाच्या कारखान्यात आहे. एमआयडीसीतल्या माणसानं ती आवर्जून बघावी. दोरांची भेंडोळी, लाकडी मजले, फळ्या, चढण, उतरण सगळं त्या लढाईत सामील होतं. कारखान्याचा नकाशा दोनचार मिनिटांत आपल्या डोक्यात बसतो आणि मग तो कुठून निसटणार याचा अंदाज आपण बांधू लागतो. तो अंदाज चुकतो तेव्हा हसू येतं, बरोबर ठरतो तेव्हा टाळी. ‘मिरॅकल्स’ची गोष्टही फ्रँक काप्राच्या 1933 सालच्या चित्रपटावरून आलेली. गोष्टी अशाच गावोगाव फिरतात, आणि जिथे जातील तिथली हत्यारं हातात घेतात.

2005 सालच्या ‘द मिथ’मध्ये तर तो आपल्या दाराशी येऊन गेला. हंपीत चित्रण झालं. सोलापूरहून विजयपूरमार्गे हंपीला एका दिवसात पोचता येतं. त्या चित्रपटात उंदीर पकडण्याच्या गोंदाचा कारखाना आहे. चालत्या पट्ट्यावर चिकट गोंद, त्यावर जॅकी चॅन आणि मल्लिका शेरावत. पाय चिकटला की बूट सोडायचा, कापड चिकटलं की कापड सोडायचं, आणि त्याच वेळी समोरच्याचा ठोसा चुकवायचा. कारखान्यातल्या पट्ट्यावरचा विनोद चार्ली चॅप्लिननं 1936 साली ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये अजरामर केला होता. त्याआधी 1931 साली लंडनमध्ये गांधीजींची भेट झाली तेव्हा त्यानं त्यांना यंत्रांना असलेल्या विरोधाबद्दलच विचारलं होतं. ‘मॉडर्न टाइम्स’च्या शेवटी शेवटी तो एक गाणं म्हणतो. त्याचे शब्द जगातल्या कुठल्याच भाषेतले नाहीत, तरी गाण्यातली बाई, गाण्यातला बाबा आणि त्यांच्यातला व्यवहार हातवाऱ्यांतून सगळा कळतो. मागाच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्याला हे गाणं सगळ्यात आधी कळेल.

आता भाषेचं बघू. हिंदीत डब केलेल्या या चित्रपटांवर माझा मोठा आक्षेप असा की डबिंग करणाऱ्यांना शांतता सहन होत नाही. नायक शिडीकडे नुसता बघतो आहे, त्या दीड सेकंदात सगळा विनोद आहे, आणि नेमक्या त्या दीड सेकंदात पाठीमागून एक पाचकळ वाक्य कोंबलेलं असतं. पण ‘मूळ आवाजातच बघा’ असा सोवळेपणा मला करायचा नाही, कारण हाँगकाँगच्या त्या काळातल्या चित्रपटांना मूळ आवाज असा नसायचाच. चित्रण आवाजाविना व्हायचं, संवाद नंतर स्टुडिओत भरायचे, आणि पडद्यावर बोलणाऱ्या जॅकी चॅनचा आवाज कित्येकदा दुसऱ्याचाच असायचा. 1992 सालच्या ‘सुपरकॉप’मध्ये चित्रण करतानाच आवाज घेतला गेला आणि त्याचा स्वतःचा आवाज ऐकू आला. त्याच चित्रपटात अभिनेत्री मिशेल योहनं चालत्या रेल्वेवर स्वतः मोटरसायकल उडवली.

त्यामुळे माझी मागणी साधी आहे. मूळ ध्वनी जसा आहे तसा ठेवा आणि खाली मराठी ओळी द्या. ‘वाचायचं की बघायचं?’ अशी तक्रार लोक करतात. या प्रकारच्या सिनेमात ती टिकत नाही, कारण मारामारी सुरू झाली की ओळी थांबतात. चित्रपटगृहांत इंग्रजी ओळींसह परभाषेतला सिनेमा लागतो, ओटीटीवर अनेक भाषांच्या ओळी मिळतात, मराठी मात्र शोधावी लागते. एवढ्या मोठ्या प्रेक्षकवर्गाला हे साधं सौजन्य अजून नीट मिळू नये, हे मला टोचतं.

‘सुपरकॉप’मधल्या त्या मिशेल योहला 2023 साली ऑस्कर मिळालं, ‘एव्हरीथिंग एव्हरीवेअर ऑल अ‍ॅट वन्स’साठी. हाही विनोदी मारधाडपटच. एक कुटुंब, कपडे धुण्याचं दुकान, आजोबांशी कँटोनीज, नवऱ्याशी मँडरिन, मुलीशी इंग्रजी, आणि एकाच वाक्यात तिन्ही. कमरेला बांधायच्या छोट्या पिशवीनं नवरा सगळ्यांना लोळवतो ते दृश्य बघाच. आजीशी तेलुगू, दुकानात मराठी, मित्रांत दखनी बोलणाऱ्या आपल्या पूर्व भागातल्या घरांना हे कुटुंब मुळीच परकं वाटणार नाही. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर मिळाले, तेव्हा या प्रकाराला ‘फालतू’ म्हणणाऱ्यांनी थोडा विचार करायला हरकत नव्हती.

आपल्या मराठी मातीतही हा वारसा आहे आणि तो थेट कापडाच्या धंद्यातून आलेला आहे. भगवानदादा म्हणजे भगवान आबाजी पालव, जन्म 1913, गिरणी कामगाराचे चिरंजीव. स्वतः मजुरी केली. डग्लस फेअरबँक्सच्या मूकपटांवर त्यांचा जीव. ‘अलबेला’ 1951 साली आला म्हणून लोक त्यांना नाचासाठी ओळखतात, पण त्याआधीची सुमारे दहा वर्षं ते कामगार प्रेक्षकांसाठी कमी पैशांत मारधाडपट काढत होते आणि साहसदृश्यं स्वतः करत होते. 1941 साली त्यांनी ‘वनमोहिनी’ नावाचा तमिळ चित्रपटसुद्धा दिग्दर्शित केला. गिरणगावातला मराठी माणूस तमिळ नटांकडून सिनेमा करवून घेतो! तो चित्रपट आज कुणी आठवत नाही, पण आपल्या सिनेमाच्या इतिहासात त्याला जागा हवी.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एका दृश्यासाठी भगवानदादांनी ललिता पवारांना मारलेली चापट नको तितकी जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला, उपचारांत काही वर्षं गेली. नायिकेच्या भूमिका गेल्या. पुढे त्यांनी खाष्ट सासूच्या भूमिकांत जे केलं तो त्यांचा पराक्रम, पण त्या दिवशी जे झालं ते टाळता येण्यासारखं होतं. पडद्यावरचा मार खोटा असतो, म्हणजे तो खोटा राहील अशी तजवीज कुणीतरी मोजून मापून करत असतो. ती तजवीज हीच खरी कारागिरी.

म्हणून जॅकी चॅनच्या चित्रपटांत शेवटची नावं चालू असताना दाखवलेल्या फसलेल्या उड्या मी नेहमी पूर्ण बघतो, आणि तुम्हीही उठू नका. ‘पोलीस स्टोरी’मध्ये (1985) मॉलमधल्या दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून तो घसरत खाली येतो, तेव्हा त्याचे हात भाजले होते. ‘आर्मर ऑफ गॉड’साठी त्या वेळच्या युगोस्लाव्हियात तो एका झाडावरून पडला, उडी अगदी साधी होती, पण कवटीला तडा जाऊन शस्त्रक्रिया करावी लागली. ही जखमांची जाहिरात मला पूर्ण रुचत नाही. त्याच्या चमूतल्या ज्या मुलांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, त्यांची हाडंही याच कामात मोडली. यंत्रावर काम करणाऱ्याला इजा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तरीही ही दृश्यं प्रेक्षकाला एक गोष्ट सांगतात: तुम्ही जे हसलात, ते कुणाच्या तरी अंगमेहनतीवर.

या मेहनतीची दखल घ्यायला ऑस्करवाल्यांना जवळजवळ शंभर वर्षं लागली. साहसदृश्यांच्या आखणीसाठीचा पुरस्कार 2028च्या सोहळ्यापासून देणार, असं त्यांनी 2025 साली जाहीर केलं. आपण त्यांच्या आधी होतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत साहसदृश्य दिग्दर्शनाचा पुरस्कार 2017 साली आला आणि पहिला मान ‘पुलिमुरुगन’ या मल्याळम चित्रपटासाठी पीटर हेन यांना मिळाला. ही बातमी आपल्याकडे किती जणांनी वाचली? नायकाच्या मानधनाचे आकडे पाठ असणाऱ्यांनी पीटर हेन हे नाव तरी लक्षात ठेवावं.

एक ठोस सूचना. ‘अवर हॉस्पिटॅलिटी’ला शंभर वर्षं उलटून गेली आहेत आणि आपल्या कायद्यातली चित्रपटाची साठ वर्षांची मुदत कधीच संपली आहे. त्याच्या हक्कांसाठी कुणाची परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत. लांबी सव्वा तासाच्या आसपास. अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या सभागृहात, नाहीतर सुटीच्या दिवशी बंद असलेल्या एखाद्या शेडच्या पांढऱ्या भिंतीवर तो लावावा आणि त्याच संध्याकाळी पाठोपाठ ‘मर्यादा रामन्ना’. मूकपटांच्या जमान्यात आपल्याकडे पडद्याशेजारी उभं राहून पाट्या मोठ्यानं वाचणारी माणसं असत. कीटनच्या चित्रपटात पाट्या मोजक्याच आहेत. एकानं त्या मराठीत वाचाव्यात, दुसऱ्यानं तेलुगूत, आणि कन्नड वाचणारा मिळाला तर त्यालाही उभं करावं.